फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, अर्थात मेसोथेलिओमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायॉप्सीचा अहवाल घ्यायला आलेले नातेवाईक, निवृत्त कारखाना कामगार आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्याकडून माझ्याकडे, म्हणजे बायॉप्सी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हा रोग कशामुळे होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा ओळखला जातो, एवढ्यापुरतीच ही उत्तरे आहेत. उपचारांचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असल्याने त्यांची चर्चा येथे केलेली नाही.

१. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाचा कर्करोगच ना?

नाही, हे दोन वेगळे रोग आहेत. फुप्फुसाभोवती दोन पदरांचे अतिशय पातळ आवरण असते. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला असतो, तर बाहेरचा पदर बरगड्यांच्या आतल्या बाजूला आणि श्वासपटलाला अस्तरासारखा लागलेला असतो. दोन्ही पदरांच्या मध्ये काही मिलिलिटर द्रव असतो आणि त्यामुळे श्वास घेताना फुप्फुस न घासता सरकते. या आवरणावर मेसोथेलिअल पेशींचा एकपदरी थर असतो. त्या पेशींपासून उद्भवणारा कर्करोग तो मेसोथेलिओमा. फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोग मात्र श्वासनलिकांच्या किंवा वायुकोशांच्या पेशींपासून सुरू होतो. तसल्याच मेसोथेलिअल पेशी पोटाच्या आतील अस्तरात, हृदयाभोवती आणि वृषणाभोवतीही असल्याने तेथेही हा रोग होऊ शकतो, परंतु बहुसंख्य रुग्णांत तो छातीतच आढळतो.

२. हा रोग कशामुळे होतो?

मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉस. अ‍ॅस्बेस्टॉस हे एकाच पदार्थाचे नाव नसून तंतुमय स्वरूपात सापडणाऱ्या सहा खनिजांना मिळून दिलेले नाव आहे. त्यांपैकी क्रिसोटाइल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, हे सर्पेन्टाइन गटातले आहे. क्रोसिडोलाइट (निळे), अ‍ॅमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट आणि अ‍ॅक्टिनोलाइट ही पाच अ‍ॅम्फिबोल गटातली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही प्रकारांना मानवी कर्करोगाचे निश्चित कारण मानले आहे.

हा संबंध ठामपणे पुढे आला तो १९६० साली, दक्षिण आफ्रिकेतून. जे. सी. वॅग्नर या पॅथॉलॉजिस्टने सी. ए. स्लेग्ज आणि पॉल मार्शां यांच्यासह, निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी असलेल्या वायव्य केप प्रांताशी निगडित अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तोवर आवरणाची अशी गाठ इतकी विरळ समजली जात असे, की तो स्वतंत्र रोग आहे की नाही यावरच पॅथॉलॉजिस्टांत वाद होता. या शोधनिबंधाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्यातील सगळेच काही खाणकामगार नव्हते. काही जण केवळ लहानपणी खाणींच्या परिसरात राहिले होते. रुग्ण आज काय करतो एवढेच विचारले असते, तर हा संबंध कधीच सापडला नसता.

३. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा श्वासातून फुप्फुसात जातो हे समजले. मग कर्करोग आवरणाला कसा होतो?

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू खूप बारीक आणि त्या मानाने लांब असतो. तो उभ्या लांबीत चिरत जाऊन आणखी बारीक होतो. असा तंतू हवेच्या प्रवाहाबरोबर सरळ वायुकोशांपर्यंत पोहोचतो आणि तेथून लसीकेच्या (लिम्फच्या) वाटेने व ऊतींमधून सरकत आवरणापर्यंत जातो. बाहेरच्या पदरावर द्रव शोषून घेणारी सूक्ष्म छिद्रे असतात. आखूड तंतू त्यातून निघून जातात, लांब तंतू मात्र तोंडाशीच अडकतात. याच जागांभोवती काजळीचे काळे ठिपके शवविच्छेदनात उघड्या डोळ्यांनी दिसतात. रोगाची सुरुवात बहुधा बाहेरच्या पदरावरून का होते, याचे पटण्यासारखे स्पष्टीकरण या रचनेत मिळते.

अडकलेला तंतू गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशी येतात, पण तंतू पेशीपेक्षा लांब असल्याने तो पुरता गिळला जात नाही. भाला अर्धवट गिळलेल्या माशासारखी त्या पेशीची अवस्था होते. तिच्यातून प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे आणि दाह पेटवणारी रसायने सतत बाहेर पडत राहतात. तंतूमधील, विशेषतः निळ्या आणि तपकिरी प्रकारातील, लोह या प्रक्रियेला खतपाणी घालते. आसपासच्या मेसोथेलिअल पेशी मरतात, मरताना दाह वाढवणारी प्रथिने सोडतात, उरलेल्या पेशी ती जागा भरून काढण्यासाठी विभागत राहतात, आणि या विभाजनांत डीएनएच्या चुका साचत जातात. शिवाय विभाजन चालू असताना तंतू गुणसूत्रांच्या वाटणीतही अडथळा आणतात.

या गाठींमध्ये पेशीला वाढायला लावणाऱ्या जनुकांपेक्षा वाढ रोखणारी जनुके गमावलेली आढळतात. तिसऱ्या गुणसूत्रावरील बीएपी-१, नवव्यावरील सीडीकेएन२ए आणि बाविसाव्यावरील एनएफ२ ही त्यांतली प्रमुख. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला नसून ब्रेक निकामी झालेले आहेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. बिघडलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर नेम धरून औषध बनवता येते, पण हरवलेल्या ब्रेकवर नेम कसा धरायचा?

४. वडिलांनी कारखाना सोडून ३५ वर्षे झाली. इतक्या वर्षांनी त्याचा संबंध कसा असेल?

असू शकतो, किंबहुना या रोगाची रीतच ती आहे. पहिल्या संपर्कानंतर रोग प्रकट होण्यास साधारणतः २० ते ५० वर्षे लागतात. ३० ते ४० वर्षांचे अंतर तर नित्याचे. प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या चुका एकेक करून साचाव्या लागतात, आणि टिकाऊ तंतू त्या जागी बसून राहिल्याने ती प्रक्रिया काम सोडल्यानंतरही थांबत नाही. कामगारांच्या मोठ्या गटांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की धोका पहिल्या संपर्कापासून लोटलेल्या वर्षांच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वर्षे दुप्पट झाली तर धोका आठ ते सोळा पट होतो. म्हणून लहान वयात झालेला संपर्क अधिक चिंतेचा असतो.

५. पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित असते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

ते कमी घातक आहे, सुरक्षित नाही. क्रिसोटाइलचे तंतू कुरळे असतात, फुप्फुसात तुटतात आणि तुलनेने लवकर विरघळतात. अ‍ॅम्फिबोल गटातले तंतू सरळ, सुईसारखे असून शरीरात दशकानुदशके टिकतात. ब्रिटिश संशोधक हॉजसन आणि डार्न्टन यांनी २००० साली मांडलेल्या अंदाजानुसार मेसोथेलिओमाच्या बाबतीत क्रिसोटाइलचा धोका १ धरला, तर अ‍ॅमोसाइटचा सुमारे १०० आणि क्रोसिडोलाइटचा सुमारे ५०० भरतो. हे आकडे दाखवून काही जण पांढऱ्या प्रकाराची भलामण करतात. पण तुलना ज्याच्याशी केली आहे ते निळे अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत घातक खनिज धुळींपैकी एक आहे, याचा त्यांना विसर पडतो. फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचा आणि फुप्फुस घट्ट करणाऱ्या अ‍ॅस्बेस्टोसिसचा धोका पांढऱ्या प्रकारातही आहेच. ब्रिटनने १९९९ मध्ये, तर युरोपीय संघाने २००५ पासून क्रिसोटाइलसह सर्व प्रकारांवर बंदी घातली आहे. भारतात आयात केलेले क्रिसोटाइल आजही सिमेंटच्या पत्र्यांसाठी वापरले जाते.

६. आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. आम्हाला धोका आहे का?

अखंड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे अशा छताखाली नुसते राहण्याचा धोका फार कमी असतो. धूळ उडते ती पत्रा कापताना, ड्रिलने भोक पाडताना, घासताना, आणि जुना पत्रा फोडून उतरवताना. पावसाळ्याआधी गळती काढण्यासाठी छतावर चढून पत्र्याला तारेचा ब्रश मारणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी आणि टाळायलाच हवी अशी गोष्ट आहे. पत्रा हलवायचाच असेल तर तो आधी पाण्याने पुरता भिजवावा, न तोडता अख्खा उतरवावा, तुकडे झाडूने कोरडे झाडू नयेत, आणि ते भराव म्हणून अंगणात पसरू नयेत. नाकावर बांधलेल्या रुमालाचा येथे उपयोग नाही, कारण हे तंतू कापडातून सहज पार होतात.

७. आई कधीच कारखान्यात गेली नाही. मग तिला हा रोग कसा झाला?

हा प्रश्न विचारताना मुलांच्या आवाजात अविश्वास असतो, आणि उत्तर पुष्कळदा घरातल्या मोरीपाशी सापडते. कामावरून आलेल्या माणसाचे कपडे झटकून, आपटून धुणारी व्यक्ती तीच धूळ रोज श्वासावाटे घेत असते. १९६५ मध्ये न्यूहाउस आणि टॉम्प्सन यांनी लंडनमधील एका रुग्णालयातल्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. त्यांपैकी ३१ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामात आयुष्याचा काही काळ घालवला होता. आणखी ९ जणांचा संबंध एवढाच, की त्यांच्या घरातले कोणीतरी त्या कामावर होते. ज्यांचा यांपैकी कोणताच संबंध नव्हता अशा ३६ जणांपैकी ११ जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते.

आमच्याकडे येणाऱ्या बायॉप्सीच्या चिठ्ठीवर व्यवसायाच्या रकान्यात स्त्रियांच्या बाबतीत बहुधा ‘गृहिणी’ आणि पुरुषांच्या बाबतीत ‘निवृत्त’ असे लिहिलेले असते. हे दोन शब्द या रोगाचा सगळा इतिहास पुसून टाकतात. निवृत्त कशातून झाले, घरात कोण कुठे कामाला होते, चाळ कोणत्या गिरणीच्या भिंतीला लागून होती, हे विचारल्याशिवाय तो रकाना भरला असे मी मानत नाही.

८. माझे वडील विडी ओढत. त्यामुळे झाला असेल का?

विडी-सिगारेटमुळे मेसोथेलिओमा होत नाही. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे रुग्णाला बोल लावत राहतात, म्हणून हे ठामपणे सांगणे आवश्यक आहे. मात्र तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आल्यास फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे संपर्क झालेल्या माणसाने धूम्रपान सोडण्याला फार मोठा अर्थ आहे.

९. अ‍ॅस्बेस्टॉसशी काहीच संबंध आला नसेल, तरीही हा रोग होतो का?

होतो. सर्वांत बोलके उदाहरण तुर्कस्तानातील कॅपाडोशियाचे आहे. तेथील कराइन, तुझकॉय आणि सारिहिदिर या गावांत ज्वालामुखीच्या मऊ दगडातून घरे कोरली आणि बांधली गेली. त्या दगडात एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज आहे. इझ्झेत्तिन बारिश या छातीरोगतज्ज्ञाने १९७० च्या दशकात तेथील मेसोथेलिओमाची साथ जगापुढे आणली. कराइनमध्ये मृत्यूंचा फार मोठा वाटा या एका रोगाचा होता, आणि थोड्याच अंतरावरच्या कारलिक गावात तो जवळपास नव्हता. कराइन सोडून स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्यांनाही तो होत राहिला. हे प्रश्न ४ च्या उत्तराशी जुळणारेच आहे. सिसिलीतील एटना पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बियांकाविल्ला गावात फ्लुओरो-एडेनाइट या तंतुमय खनिजाने अशीच करणी केली.

दुसरे मान्य कारण म्हणजे छातीवर पूर्वी दिलेला किरणोपचार, उदाहरणार्थ तरुणपणी हॉजकिन लिम्फोमासाठी (लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगासाठी) घेतलेला. पोलिओच्या जुन्या लशींत मिसळलेल्या एसव्ही-४० या विषाणूवर बराच काळ संशय होता, परंतु तो कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेले नाही. काही रुग्णांत कसून शोध घेऊनही कारण सापडत नाही.

१०. हा रोग आनुवंशिक आहे का? आम्ही भावंडांनी तपासणी करावी का?

बहुतेक रुग्णांत तो आनुवंशिक नसतो. थोड्या कुटुंबांत मात्र बीएपी-१ जनुकातील दोष जन्मतः असतो. अमेरिकेतील दोन कुटुंबांच्या अभ्यासातून २०११ मध्ये हे दाखवले गेले. अशा कुटुंबांत मेसोथेलिओमाबरोबर डोळ्यातील व त्वचेवरील मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) आणि मूत्रपिंडाचा कर्करोगही आढळतो. रुग्णाचे वय कमी असेल, संपर्काचा काहीच इतिहास नसेल, किंवा जवळच्या नात्यात हे कर्करोग झालेले असतील, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. गाठीतील पेशींत बीएपी-१ गमावलेले असणे ही वेगळी बाब आहे. ते पुष्कळ रुग्णांत दिसते आणि त्यावरून दोष आनुवंशिक आहे असे ठरत नाही.

११. छातीतले पाणी काढून तपासले. क्षयरोग सांगून एकेटी (क्षयरोगावरील औषधे) सुरू केली, आणि आता मेसोथेलिओमा म्हणतात. चूक कोणाची?

छातीत पाणी झाले की आपल्याकडे आधी क्षयरोगाचा विचार होतो, आणि क्षयरोगाचे प्रमाण पाहता तो चुकीचा नाही. दोन्ही रोगांत पाण्यात प्रथिने जास्त असतात, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दिसतात, आणि ज्या एडीए (एका विकराचे प्रमाण मोजणाऱ्या) चाचणीवर भिस्त ठेवली जाते ती मेसोथेलिओमातही काही वेळा वाढलेली येते. पाण्यात कर्करोगाच्या पेशी न सापडणे हेही नित्याचेच आहे, कारण काही प्रकारांत, विशेषतः सार्कोमॅटॉइड प्रकारात, पेशी पाण्यात गळतच नाहीत. शिवाय सापडल्या तरी त्या दाहाने चिडलेल्या साध्या मेसोथेलिअल पेशींसारख्याच दिसू शकतात. म्हणून पाण्याच्या ‘निगेटिव्ह’ अहवालाने हा रोग नाकारता येत नाही.

चूक घडते ती पुढच्या टप्प्यावर. साठीच्या माणसाला ताप नाही, छातीत सतत बोथट दुखते, औषधे सुरू करून आठवडे लोटले तरी पाणी पुन्हा भरते, सीटी स्कॅनमध्ये आवरण गाठीगाठींनी जाड झालेले दिसते, आणि तरीही गोळ्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट पाहिली जाते. अशा वेळी दुर्बिणीतून आवरण प्रत्यक्ष पाहून पुरेशा मोठ्या आणि खोल बायॉप्सी घेणे हाच मार्ग आहे. खोल का, ते प्रश्न १३ मध्ये दिले आहे.

१२. अहवालात ‘एपिथेलिऑइड’ लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे तीन प्रमुख प्रकार दिसतात. एपिथेलिऑइड प्रकारात पेशी बहुकोनी किंवा घनाकार असून त्या नळ्या, फांद्या किंवा सलग पत्रे तयार करतात. पुष्कळदा त्या इतक्या शांत, एकसारख्या दिसतात की नवख्या डोळ्यांना हा कर्करोग वाटतच नाही. सार्कोमॅटॉइड प्रकारात पेशी चातीसारख्या लांबट असून तंतुमय ऊतींमध्ये आडव्यातिडव्या विखुरलेल्या असतात. पूर्ण काढलेल्या गाठीत दोन्ही घटक प्रत्येकी किमान १० टक्के असतील तर तिला बायफेजिक म्हणतात. एपिथेलिऑइड सर्वांत अधिक आढळतो आणि तिन्हींत त्याचा प्रवास तुलनेने संथ असतो. सार्कोमॅटॉइडचा सर्वांत वेगवान.

उघड्या डोळ्यांनी पाहिले तर सुरुवातीला बाहेरच्या पदरावर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या पांढुरक्या गाठी दिसतात. पुढे त्या एकमेकींत मिसळतात, दोन्ही पदर चिकटतात, आणि शेवटी फुप्फुसाभोवती काही सेंटिमीटर जाडीचे टणक, पांढरट कवच तयार होते. ते फुप्फुसाच्या खंडांमधील फटींतही शिरते. कवचाच्या आत फुप्फुस आक्रसून जाते. धाप लागण्याचे ते एक मोठे कारण आहे.

१३. निदान करायला इतके दिवस आणि इतके ‘स्टेन’ का लागतात?

कारण पॅथॉलॉजिस्टला दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. पहिला प्रश्न असा, की या पेशी मेसोथेलिअल आहेत की दुसरीकडून, म्हणजे बहुधा फुप्फुसातून किंवा स्तनातून, आवरणावर पसरलेल्या कर्करोगाच्या? त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित रंगचाचण्यांचा संच लावतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सायटोकेराटिन ५/६ आणि डी२-४० या मेसोथेलिओमाच्या बाजूने बोलतात. क्लॉडिन-४, टीटीएफ-१ आणि सीईए त्याच्या विरुद्ध. एकाच चाचणीवर विसंबता येत नाही. दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन चाचण्या लावण्याचा दंडक आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो: पेशी मेसोथेलिअल आहेत हे ठरले, पण त्या कर्करोगाच्या की जुन्या दाहाने वाढलेल्या साध्या? येथे सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे आवरणाखालच्या चरबीत घुसलेल्या पेशी. बायॉप्सीत चरबीच आली नसेल तर हा पुरावा पाहताच येत नाही, म्हणून वरवरचा टवका पुरत नाही. बीएपी-१ आणि एमटीएपी या प्रथिनांच्या चाचण्यांनी हे काम बरेच सोपे केले आहे. गाठीच्या पेशींतून ती नाहीशी झाली असतील तर कर्करोगाचे निदान बळकट होते. उलट ती शिल्लक आहेत म्हणून कर्करोग नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

१४. अहवालात ‘मॅलिग्नंट’ हा शब्द नाही. म्हणजे गाठ साधी आहे का?

नाही. मेसोथेलिओमा हा नेहमीच घातक असतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने तो शब्द अनावश्यक म्हणून वगळला. त्याच वर्गीकरणात ‘मेसोथेलिओमा इन सिटू’, म्हणजे खोलवर न घुसलेल्या एकपदरी अवस्थेला, स्वतंत्र स्थान मिळाले. एक साधी, फांद्याफांद्यांची गाठ आधी मेसोथेलिओमाच्या नावाने ओळखली जाई. लोक घाबरू नयेत म्हणून तिच्या नावातून तो शब्द काढून आता तिला मेसोथेलिअल ट्यूमर म्हणतात. हे बदल मला योग्य वाटतात, पण जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, हेही खरे.

१५. एक्स-रेमध्ये ‘प्लुरल प्लाक’ दिसले. तो कर्करोगाचा पहिला टप्पा आहे का?

नाही. प्लाक म्हणजे बाहेरच्या पदरावर तयार झालेले, पुष्कळदा चुना साचलेले तंतुमय चट्टे. ते कर्करोगात बदलत नाहीत. पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क झाला होता याची मात्र ती खूण आहे, आणि तेवढ्यासाठी ती नोंदवून ठेवावी.

१६. बायॉप्सीत अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे दिसले नाहीत. मग कारण अ‍ॅस्बेस्टॉस नाही असे म्हणायचे का?

म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतात ते नुसते तंतू नसून लोह आणि प्रथिनांचे कवच चढलेले सोनेरी-तपकिरी, मण्यांच्या माळेसारखे ‘अ‍ॅस्बेस्टॉस बॉडी’ असतात, आणि ते फुप्फुसाच्या ऊतीत सापडतात. बायॉप्सी मात्र आवरणाची असते. क्रिसोटाइलवर असे कवच क्वचितच चढते, आणि ते तंतू कालांतराने नाहीसेही होतात. त्यामुळे कारण ठरवताना कामाच्या इतिहासाचे वजन काचपट्टीपेक्षा जास्त असते.

१७. महाराष्ट्रात हा धोका कोणाला आहे, आणि कामगाराने हाताशी काय ठेवावे?

अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे व पाइप, ब्रेक लायनिंग, उष्णतारोधक दोर व कापड बनवणारे कामगार. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरील जुने लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) काढणारे फिटर. वीजकेंद्रे आणि गोद्यांतले कामगार. मुंबईतील दारूखाना या बंदराजवळच्या भागात किंवा गुजरातेत अलंगला जहाजे तोडणारे मजूर. आणि जुन्या इमारती पाडणारे, यांना धोका अधिक. ज्यांचा संपर्क मोठा होता त्यांतल्याही बहुतेकांना मेसोथेलिओमा होत नाही, हेही त्यांना सांगायला हवे. मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचातल्या एकाला अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे फुप्फुस घट्ट होण्याचा आजार, आढळला होता. खाणींच्या बाजूला पाहिले तर झारखंडमधील चाईबासाजवळच्या रोरो टेकड्यांवरील खाण १९८३ मध्ये बंद झाली, पण तिचा कचरा त्यानंतरही उतारांवर तसाच पडून राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश त्यात आहे. प्रश्न ४ मधील कालावधी पाहिला म्हणजे ४० हा आकडा का निवडला असेल हे लक्षात येते, आणि काही रुग्णांना तोही अपुरा पडतो. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. म्हणून नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा आणि कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले याचा हाताने लिहिलेला कागद, एवढे एका पिशवीत घालून ठेवावे. निदान झाल्यास बायॉप्सीचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागून घ्याव्यात किंवा त्या तेथे जपून ठेवल्या जातील याची खात्री करून घ्यावी. दुसरे मत घ्यायचे असो वा दावा लावायचा असो, तेच ठोकळे पुन्हा तपासावे लागतात.